खटका पुन्हा वर करण्याआधी

जूनमधला पहिला दणदणीत पाऊस झाला की सोसायटीच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर "तुमच्याकडे लाइट आहे का?" ही विचारणा सुरू होते. बहुतेक वेळा "नाही, सगळीकडेच गेलीय" असं उत्तर येतं आणि माणूस निश्चिंत होतो. पण काही घरांत वेगळाच प्रकार असतो. जिन्यात लाइट, शेजारी लाइट, समोरच्या बिल्डिंगमध्ये लाइट, अंधार फक्त आपल्याकडे. दारामागच्या पांढऱ्या डब्यातला एक खटका खाली पडलेला असतो. आपण तो वर करतो. तो पडतो. पुन्हा वर करतो, या खेपेला जरा जोरात, जणू पहिल्यांदा त्याला नीट ऐकू आलं नव्हतं.

पुढच्या दोन दिवसांत घरात काय काय होतं ते बहुतेकांच्या ओळखीचं आहे. गीझरच जुना झालाय, असं आई म्हणते. मायक्रोवेव्ह आणल्यापासून हे सुरू झालं, असं बाबांचं मत. काका फोनवरून सांगतात, "तो ईएलसीबी काढून टाक आणि डायरेक्ट कर, आमच्याकडे कित्येक वर्षं तसंच आहे." वायरमन येतो, खटकाच खराब झालाय म्हणतो, नवा बसवून जातो. चार दिवस सगळं सुरळीत. मग परत पाऊस येतो आणि नवा कोरा खटकाही पडतो.

एवढ्या धांदलीत उपाय सुचवून झाले, एक करूनही झाला. खटका का पडला, हे शोधायला मात्र कुणी बसलं नाही. हा लेख त्या बसण्याबद्दल आहे. उदाहरण विजेचं घेतोय, कारण तो डबा घरोघरी आहे आणि त्यातला बिघाड माणसाला इतक्या सफाईने चुकीच्या वाटेला लावतो की शांतपणे शोध घेण्याची पद्धत शिकायला याहून चांगला मास्तर मिळणार नाही.

## कुठला खटका पडला?

डब्यात दोन जातीचे खटके असतात. अरुंद असतात ते एमसीबी. स्वयंपाकघराचा एक, एसीचा एक, दिवे-पंख्यांचा एक, असे वेगवेगळे. प्रत्येकावर ६, १०, १६, २० असा आकडा लिहिलेला असतो. त्या वायरीतून तेवढ्या अँपिअरपेक्षा जास्त करंट वाहत राहिला की एमसीबी पडतो. म्हणजे एकतर लोड जास्त झाला किंवा कुठेतरी शॉर्ट झाला.

दुसरा रुंद असतो. त्यावर "टी" किंवा "टेस्ट" लिहिलेलं छोटं बटण असतं. तो आरसीसीबी. जुन्या सवयीने बरेच जण त्याला ईएलसीबीच म्हणतात. करंट किती वाहतोय याच्याशी त्याला देणंघेणं नाही. करंट वाटेत कुठे गळतोय का, एवढंच तो बघतो.

आता फोनवर वायरमनला आपण काय सांगतो? "मेन पडतोय." या दोन शब्दांत दोन अगदी वेगळ्या तक्रारी एकत्र झाल्या. एमसीबी पडत असेल तर शोध एकीकडे जातो, आरसीसीबी पडत असेल तर दुसरीकडे. म्हणून खटक्याला हात लावण्याआधी डब्याचा मोबाइलवर फोटो काढावा. पाच सेकंदांचं काम आहे. एकदा सगळे खटके घाईघाईने वर-खाली केले की कोणता पडला होता हे कुणालाच आठवत नाही, आणि घरातल्या चार जणांच्या चार आठवणी असतात.

त्याच वेळी आणखी थोडं टिपून ठेवता येतं. किती वाजले होते, बाहेर पाऊस होता का, कोणकोणती उपकरणं चालू होती, कुणी नुकतंच कुठलं बटण दाबलं होतं. हे पोलिसी वाटेल, पण पुढची निम्मी उत्तरं यातच असतात. रोज सकाळी साडेसहालाच पडत असेल तर गीझरकडे बघायचं. पाऊस पडून गेल्यावर दोन-तीन तासांनी पडत असेल तर गॅलरी, गच्ची, बाहेरच्या भिंतीवरचे दिवे. सोसायटीची लाइट जाऊन परत येताना पडत असेल तर इन्व्हर्टरची जोडणी.

## आरसीसीबी नेमकं काय मोजतो?

शाळेची सहल निघालीय असं समजा. बसमधून उतरताना बाई मुलं मोजतात, परत चढताना मोजतात. चाळीस उतरली, चाळीस चढली, बस निघाली. एकोणचाळीस चढली तर बस जागची हलत नाही. मूल कुठे राहिलं हे बाईंना त्या क्षणी ठाऊक नसतं. एक कमी आहे, एवढंच कळलेलं असतं.

घरात करंट फेजच्या वायरीने येतो आणि न्यूट्रलच्या वायरीने परत जातो. आरसीसीबी दोन्हीची मोजदाद करतो. जेवढा गेला तेवढा परत आला पाहिजे. फरक पडला म्हणजे करंट तिसऱ्याच वाटेने जमिनीत चाललाय: ओल्या भिंतीतून, फ्रिजच्या पत्र्यातून अर्थिंगच्या वायरीत, किंवा एखाद्या माणसाच्या अंगातून. घरगुती आरसीसीबीसाठी हा फरक साधारणपणे ३० मिलिअँपिअर ठेवलेला असतो. एक अँपिअर म्हणजे १००० मिलिअँपिअर, आणि ९ वॅटचा एलईडी बल्बसुद्धा ३० मिलिअँपिअरपेक्षा जास्त करंट घेतो, यावरून ३० किती थोडे ते लक्षात येईल. पण तेवढा करंट शरीरातून गेला तर त्यापुढे हृदयाचे ठोके बिघडण्याचा धोका सुरू होतो. म्हणून ती मर्यादा तिथे आहे.

काकांचा "डायरेक्ट कर" हा सल्ला या हिशेबाने काय होतो ते बघा. मूल कमी भरतंय म्हणून बाईंनाच घरी पाठवायचं. बस वेळेवर निघते हे खरं.

आणि खटका बदलणं? आरसीसीबी कधी कधी खरंच बिघडतो, नाही असं नाही. पण मोजणारा चुकला असं म्हणण्याआधी मुलं पुरी आहेत ना, हे बघायला हवं. ते बघता येतं. डब्यातून पुढे जाणारी घराची सगळी जोडणी सोडवून वायरमनने फक्त आरसीसीबी चालू केला आणि तरीही तो पडला, तर दोष त्याचा. उभा राहिला, तर नवा विकत घेण्यात अर्थ नाही.

## ज्याने पाडला तोच दोषी असतो असं नाही

इथे वीज आपल्याला चकवते. समजा, घरात मायक्रोवेव्ह लावला की आरसीसीबी पडतो. दर वेळी, न चुकता. एवढा पुरावा पाहिल्यावर कुणीही म्हणेल की दोष मायक्रोवेव्हचाच. तो उचलून दुकानात न्यावा तर तिथे तो तासभर मजेत चालतो.

बिघाड गॅलरीतल्या दिव्यात असू शकतो, आणि तो दिवा तेव्हा बंद असू शकतो.

हे कसं? आपल्याकडे भिंतीवरचं बटण बहुधा फक्त फेजची वायर तोडतं. न्यूट्रल तशीच जोडलेली राहते. पावसाचं पाणी शिरून गॅलरीतल्या दिव्याची न्यूट्रल अर्थिंगला किंवा ओल्या भिंतीला टेकली असेल, तर परतीच्या करंटला एक मागचं फाटक मिळतं. सहलीतली मुलं हरवलेली नाहीत, पण काही जण बाईंच्या समोरून न जाता त्या फाटकातून बाहेर पडताहेत. घरात दोन दिवे चालू असताना परतणारी मुलंच थोडी, त्यामुळे मागून सटकणारी फारच थोडी, आणि खटका पडण्याइतका फरक होत नाही. मायक्रोवेव्ह, इस्त्री किंवा गीझर लावला की परतीची मोठी झुंड येते, तिच्यातले बरेच जण फाटकाकडे वळतात आणि मोजणी चुकते. मायक्रोवेव्हचा गुन्हा इतकाच की तो जास्त करंट घेतो.

म्हणून "गीझर तर बंदच होता" हा पुरावा धरता येत नाही. प्लग काढला होता का, हा प्रश्न. डब्यातला त्या खोलीचा एमसीबी पाडला असेल तरी तेच, कारण साधा एकेरी एमसीबीसुद्धा फेजच तोडतो. वरच्या परिस्थितीत डब्यातले एमसीबी एकेक करून पाडत बसलेला माणूस गोंधळून जातो तो यामुळेच: गॅलरीचा एमसीबी पाडला तरी मायक्रोवेव्ह लावताच खटका पडतो, आणि गॅलरी निर्दोष ठरते.

यातून सुटायला एक साधी चाचणी आहे. मायक्रोवेव्ह बाजूला ठेवा आणि त्याच प्लगवर इस्त्री लावून बघा. शेजाऱ्यांच्या घरी बिनतक्रार चालणारी इस्त्री असली तर उत्तम. इस्त्रीनेही खटका पडला तर मायक्रोवेव्ह सुटला, आणि शोध घराच्या वायरिंगकडे वळला. इस्त्रीने पडला नाही आणि मायक्रोवेव्हने पुन्हा पडला, तर संशय पक्का होतो. या एका कृतीत आपण काहीच दुरुस्त केलं नाही. फक्त एक प्रश्न विचारला, आणि तो असा विचारला की उत्तर हो आलं किंवा नाही आलं, दोन्हीकडून माहिती वाढली. नवा खटका बसवून बघण्यात ही सोय नसते. तो चार दिवस टिकला तर काय कळलं? त्या चार दिवसांत पाऊस नव्हता, कदाचित एवढंच.

कधी कधी तर एकही दोषी नसतो. टीव्ही, कॉम्प्युटर, वॉशिंग मशीन, एलईडी दिवे यांच्या आतल्या फिल्टरमधून अगदी थोडा करंट अर्थिंगकडे जातच असतो, आणि ते ठरवूनच तसं बनवलेलं असतं. एकेकाचं बघाल तर नगण्य. पण घरात अशी वीस उपकरणं झाली की बेरीज होते. ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीने १५ पर्यंत गप्प बसायचं आणि ३० ला पडायचंच, असा नियम आहे. मधल्या पट्ट्यात तो कुठेही पडू शकतो. अशा घरात "कोणामुळे?" हा प्रश्नच चुकीचा ठरतो. तिथे सगळा भार एकाच आरसीसीबीवर न टाकता दोन-तीन जणांत वाटून देणं हे उत्तर असतं.

## कधी पडत नाही, तेही विचारा

बिघाड झाला की आपण तो कुठे कुठे दिसतो हे सांगत सुटतो. तो कुठे दिसत नाही, हे क्वचितच सांगतो. तिथे बरीच माहिती पडून असते.

१८५४ मध्ये लंडनच्या ब्रॉड स्ट्रीट भागात कॉलऱ्याची भयंकर साथ आली. काही दिवसांत शेकडो माणसं गेली. रोग दूषित हवेने पसरतो असं तेव्हाच्या बहुतेक वैद्यांचं मत होतं. जॉन स्नो या डॉक्टरने मृत्यू कुठे झाले ते घरोघर हिंडून नोंदवलं, आणि ते रस्त्यावरच्या एका हातपंपाभोवती गोळा झालेले दिसले. त्याच्या कामातला मला सगळ्यात आवडणारा भाग पुढचा आहे. पंपाजवळच बिअरचा कारखाना होता आणि तिथल्या कामगारांत कॉलऱ्याने कुणीच दगावलं नव्हतं. हवा तर त्यांच्याही नाकात तीच जात होती. चौकशीत कळलं की त्यांना कारखान्यातली बिअर मिळायची आणि कारखान्याची स्वतःची विहीर होती. पंपाचं पाणी ते पीतच नव्हते. उलट बरीच दूर हॅम्पस्टेडला राहणारी एक बाई कॉलऱ्याने गेली होती. तिला त्या पंपाचं पाणी आवडायचं म्हणून ते मुद्दाम तिच्याकडे नेलं जाई.

घरातल्या खटक्याला हेच प्रश्न लावता येतात. गावाला गेलो होतो ते आठ दिवस पडला का? फ्रिज सोडून सगळं बंद असताना पडतो का? कोरड्या दिवसांत मायक्रोवेव्ह चालतो का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर "हो, उन्हाळाभर चालला" असं आलं, तर मायक्रोवेव्हवरचा संशय तिथेच बराच फिका पडतो.

## अर्धं अर्धं करत जा, आणि एका वेळी एकच गोष्ट बदला

संशयित बरेच असतील तर एकेक तपासण्यापेक्षा निम्मे एकदम तपासावेत. प्लगवर चालणारी आठ उपकरणं आहेत आणि त्यातलं एक गळतंय असं समजा. आठही प्लग काढा. खटका आता टिकतोय याची खात्री करा. मग चार लावा. पडला तर दोषी या चारांत, नाही पडला तर उरलेल्या चारांत. मग दोन, मग एक. तीन फेऱ्यांत आठांतला एक सापडतो. सोळा असते तर चार फेऱ्या लागल्या असत्या. आधी सांगितलेली बेरजेची गळती आणि न्यूट्रलची भानगड यात फसवू शकते, म्हणून शेवटी सापडलेल्या उपकरणाला एकट्याला लावून आणि त्याच्याशिवाय बाकी सगळी लावून, अशी उलटसुलट खात्री करायची.

एका वेळी एकच बदल, हा नियम ऐकायला बाळबोध आहे आणि पाळायला कठीण. वायरमन आला की आपण म्हणतो, "आलाच आहात तर तो गीझरचा प्लगही बदला, आणि बाथरूमचं बटणही." तिन्ही झाली, खटका पडायचा थांबला. कशामुळे थांबला? सांगता येत नाही. सहा महिन्यांनी परत पडला की शोध पहिल्या पायरीपासून.

## पण बिघाड गेला ना, मग झालं की!

हा आक्षेप सगळ्यात गोड आणि सगळ्यात महाग.

८ जानेवारी १९८९ च्या संध्याकाळी ब्रिटिश मिडलंड कंपनीचं बोइंग ७३७-४०० विमान लंडनच्या हीथ्रोहून बेलफास्टला निघालं. त्यात १२६ जण होते. विमान वर चढत असताना डाव्या इंजिनातल्या पंख्याचं एक पातं तुटलं. विमान थरथरू लागलं, कॉकपिटमध्ये धुराचा वास आला. कोणतं इंजिन, यावर वैमानिकांनी काही क्षणांत निर्णय घेतला: उजवं. केबिनची हवा उजव्या इंजिनाकडून येते, म्हणून धूर तिकडचाच, ही कॅप्टनची समजूत विमानाच्या आधीच्या प्रकारांवरून आलेली होती. या नव्या प्रकारात तसं नव्हतं. थरथर दाखवणारे काटे समोर होते, पण ते लहान होते, आणि जुन्या विमानांतले तसे काटे भरवशाचे नसल्याने त्यांच्याकडे बघण्याची सवयही नव्हती.

उजव्या इंजिनाचा जोर कमी केला, आणि थरथर कमी झाली. वास आणि धूर ओसरू लागला.

आता त्यांच्या जागी कुणीही असतं तर काय समजलं असतं? उपाय केला, त्रास गेला, म्हणजे निदान बरोबर. प्रत्यक्षात घडलं ते असं. उजवीकडचा जोर कमी करण्याआधी त्यांनी ऑटोथ्रॉटल, म्हणजे इंजिनांना आपोआप इंधन देणारी यंत्रणा, बंद केली होती. त्यामुळे डाव्या इंजिनाला जाणारं जादा इंधन थांबलं आणि तुटलेल्या पात्यानिशी ते थोडं शांत झालं. धडधाकट असलेलं उजवं इंजिन मग पूर्ण बंद करण्यात आलं. कॅप्टनने प्रवाशांना उजव्या इंजिनात बिघाड झाल्याचं सांगितलं. मागे बसलेल्या काही प्रवाशांनी आणि कर्मचाऱ्यांनी डावीकडे ठिणग्या पाहिल्या होत्या, पण ही विसंगती कुणी पुढे जाऊन बोललं नाही. खाली उतरताना कॅप्टनने घडलेल्या गोष्टींची पुन्हा उजळणी करायला सुरुवात केली होती, तेवढ्यात रेडिओवर संदेश आले आणि ती अर्धवट राहिली. ईस्ट मिडलंड्स विमानतळ जवळ आल्यावर डाव्या इंजिनाकडून जास्त जोर मागितला गेला आणि ते कोसळलं. केगवर्थ गावाजवळ एम-१ महामार्गाच्या बांधावर विमान आदळलं. ४७ माणसं गेली.

वैमानिक निष्काळजी होते असं हे वाचून वाटत असेल तर पुन्हा वाचा. ते अनुभवी होते आणि त्यांनी झटपट कृती केली. त्यांच्या हातून सुटलेली गोष्ट एकच होती: त्रास ओसरल्यावर, हातात वेळ असताना, "आपलं चुकलं असेल तर आत्ता आपल्याला काय दिसायला हवं?" हा प्रश्न पूर्ण झाला नाही. तो पूर्ण झाला असता तर नजर त्या छोट्या काट्याकडे गेली असती. डाव्या इंजिनाचा काटा अजून जास्तच दाखवत होता.

## अनुभवी माणूस तर बघताच ओळखतो

ओळखतो, खरं आहे. १४ नोव्हेंबर १९६९ ला अपोलो-१२ पावसात उडालं आणि पहिल्या मिनिटाच्या आतच त्यावर दोनदा वीज पडली. यानाचे फ्युएल सेल, म्हणजे वीज पुरवणारे संच, बंद पडले आणि ह्यूस्टनच्या नियंत्रण कक्षातल्या पडद्यांवरचे आकडे निरर्थक झाले. मोहीम सोडून देण्याचा विचार पुढे येण्याच्या बेतात असताना तिथल्या जॉन ॲरन या २६ वर्षांच्या नियंत्रकाने एक स्विच बदलायला सांगितलं. तो स्विच कुठला, हे फ्लाइट डायरेक्टरलाही लगेच कळलं नाही. यानातल्या ॲलन बीनला तो माहीत होता. स्विच फिरवला, आकडे परत आले, यान चंद्रावर जाऊन आलं.

ही गोष्ट सहसा तल्लख बुद्धीची म्हणून सांगितली जाते. त्याआधीचं वर्ष मात्र गाळलं जातं. ॲरनने साधारण वर्षभर आधी एका चाचणीत असेच विचित्र आकडे पाहिले होते. चाचणी संपली, काही बिघडलं नव्हतं, कुणी विचारणारही नव्हतं. तरी हे आकडे आले कुठून, याचा त्याने माग काढला आणि तो सिग्नल जुळवणाऱ्या एका पेटीपर्यंत पोचला. उड्डाणाच्या दिवशी त्याने नुसतं आठवलं. गावातला मुरलेला वायरमन आवाजावरून मोटरचा बिघाड ओळखतो, तेही असंच. पूर्वी कधीतरी त्याने तो आवाज आणि उघडलेली मोटर एकत्र पाहिलेली असते. ज्याने दर वेळी न बघता भाग बदलले, त्याच्या वीस वर्षांत असं काही साठत नाही.

## एवढा वेळ कुणाकडे आहे?

शेतावर हा प्रश्न जास्त टोकदार असतो. रात्रीच्या पाळीची थ्री फेज लाइट आलीय, पीक सुकतंय, आणि मोटर उचलत नाही. नुसती घूं घूं करते आणि स्टार्टर पडतो. माणूस हिरवं बटण पुन्हा दाबतो. पुन्हा. मग स्टार्टरमधल्या रिलेची सेटिंग वाढवतो, किंवा बटण पडू नये म्हणून त्यात काडी अडकवतो.

अशा वेळी बरेचदा तीनपैकी एक फेज गेलेली असते. दोन फेजवर मोटर फिरायला सुरुवात करू शकत नाही, पण करंट मात्र नेहमीच्या कितीतरी पट ओढते, आणि काही मिनिटांत आतलं वाइंडिंग जळतं. बटण दाबण्याआधी बोर्डावरचे तिन्ही दिवे सारखे पेटलेत का ते बघायला दहा सेकंद लागतात. जळलेली मोटर पाइपसकट बोअरमधून वर काढणं, रिवाइंडिंगला तालुक्याला नेणं आणि परत सोडणं, यात पाण्याच्या किती पाळ्या जातात ते शेतकऱ्याला मी सांगायला नको.

## आधी काहीतरी करावंच लागतं, अशी वेळ असते ना?

असते, आणि तेव्हा अजिबात थांबू नये. जळकट वास येतोय, बोर्डातून ठिणग्या उडताहेत, कुणाला शॉक बसतोय, घरात पाणी शिरून प्लग बुडालेत: सरळ मेन बंद करायचा. शॉक बसणाऱ्या माणसाला आधी हात लावायचा नाही, आधी वीज तोडायची. आणि जो एमसीबी ठिणगी उडवून पडला तो "बघू तरी" म्हणून पुन्हा वर करायचा नाही.

पण मेन बंद करणं ही दुरुस्ती नव्हे. त्याने धोका थांबला आणि विचार करायला वेळ मिळाला. स्नोच्या सांगण्यावरून त्या हातपंपाची दांडी काढून टाकली तेव्हा कॉलऱ्याचा जंतू कुणाला समजलेला नव्हता. पाणी थांबवायला तेवढी माहिती पुरेशी होती. पाण्यात घाण कुठून आली, हा शोध त्यानंतरही चालू राहिला.

## वायरमनला बोलावलं की आपलं काम संपलं?

डबा उघडण्याचं, वायरी सोडवण्याचं काम त्याचंच. प्लग काढणं, खटका वर-खाली करणं आणि लिहून ठेवणं याच्या पुढे घरच्या माणसाने जाऊ नये. पण जे टिपलंय ते त्याच्या हातात द्यावं. "आरसीसीबी पडतो, एमसीबी नाही. पावसानंतरच पडतो. मायक्रोवेव्हने पडतो आणि त्याच प्लगवर इस्त्री लावली तरी पडतो." एवढं ऐकल्यावर जाणकार वायरमन मायक्रोवेव्हकडे ढुंकूनही बघणार नाही. तो न्यूट्रल एकेक करून सोडवून बघेल. त्याच्याकडे मेगर असला तर फारच बरं. वायरीचं इन्सुलेशन किती चांगलं उरलंय ते हे यंत्र ५०० व्होल्ट देऊन मोजतं, म्हणून आधी टीव्ही, कॉम्प्युटर वगैरे प्लगमधून काढावे लागतात. एखाद्या लाइनवर आकडा एक मेगाओमच्या खाली आला तर ती लाइन संशयित. रीडिंग काय आलं ते विचारा आणि त्याच कागदावर लिहून ठेवा.

काम झाल्यावर लगेच पैसे देऊन मोकळं होऊ नका. ज्या परिस्थितीत खटका पडत होता ती पुन्हा उभी करायला सांगा: मायक्रोवेव्ह लावा, सोबत इस्त्री लावा, गॅलरीतला दिवा चालू करा. "टी" बटण दाबूनही बघा, पण त्यातून आरसीसीबी पडू शकतो एवढंच कळतं, गळती गेली की नाही ते नाही. आणि काढलेला भाग बघायला मागा. गॅलरीतल्या दिव्याच्या होल्डरमध्ये हिरवट गंज आणि पाण्याचा डाग दिसला तर पावसाचा, मायक्रोवेव्हचा आणि पडणाऱ्या खटक्याचा हिशेब जुळला. काढलेला भाग कोरडा आणि स्वच्छ निघाला, तर वायरमन जिना उतरण्याआधी त्याला पुन्हा वर बोलवा.